उघड्या दारातला कुकर

नानांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते कुकरच्या झाकणाच्या भोकातून. एकोणसाठ साली धुळ्यात नोकरी लागली आणि मी त्यांच्या शेजारची खोली घेतली. सामान उतरवत होतो, तर ओट्यावरचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ एक डोळा मिटून, झाकण उन्हाकडे धरून माझ्याकडे बघत होते. "भोक मोकयं शे," त्यांनी जाहीर केलं आणि आत गेले. माझी चौकशी दुसऱ्या दिवशी झाली.

नाना कापसाच्या जिनिंग मिलमध्ये तीस वर्षं बॉयलरवर होते. निवृत्त झाले आणि मुंबईहून कुकर घेऊन आले. गल्लीत असलं भांडं कुणी पाहिलं नव्हतं, आणि रोज स्वयंपाक करणारा गडीमाणूस तर नव्हताच नव्हता. नानांना त्याची शरम नव्हती. दार सताड उघडं टाकून ते स्टोपुढे मांडी घालायचे. ज्याला हसायचं असेल त्याला नीट दिसावं, एवढाच हेतू.

रबरावरून बोट फिरवायचं, पाणी वाटीनं मोजायचं, डाळ अर्ध्या भांड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. शिट्टी झाली की आच कमी, आणि मग मिलनं निरोपाला दिलेलं खिशातलं घड्याळ हातात. स्टो विझवल्यावरही झाकणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "वाफ कोनी सोयरी नही," म्हणायचे. पाहुणे पाटावर ताटकळत.

एवढा वेळ त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बाहेर ओट्यावर. वाफ पुरती जाईपर्यंत त्यांना आत यायला बंदी. काकू खोकत खोकत हसायच्या. म्हाताऱ्यानं बायकोला राणी करून ठेवलंय, असं गल्ली म्हणायची. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांची थोरली बहीण, बायजाअक्का, यावलहून माहेरपणाला आली. भाऊ स्टोपुढे आणि भावजय ओट्यावर बघून तिचं डोकंच फिरलं. नाना बाजारात गेल्याचं बघून तिनं सालासकट काळे उडीद काठोकाठ भरले आणि कुकर चढवला. चुलीवरच्या पातेल्यात ती आयुष्यभर असंच भरत आली होती. सालं फुगली, फेसाबरोबर वर चढली आणि भोकात बसली. शिट्टी झालीच नाही. झाकणातला सेफ्टी प्लग उडाला आणि डाळ आढ्याला लागली. अक्का पाणी आणायला मागं गेली होती म्हणून बचावली.

नाना आले तेव्हा अर्धी गल्ली दारात होती. कुकर भंगारात टाका, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आतेपासून चुल्हाच पेटी. वहिनी बसी चुल्हाजोडे."

काकू ओट्यावरच बसून होत्या. नानांनी उडालेला प्लग शोधला आणि सगळ्यांपुढे धरला.

"हाऊ उडना, म्हनीसन घर वाचनं." मग खिशातलं घड्याळ काढलं. "तीस वरीस मी बॉयलरना धूर खादा, मिलनी मले हाई घड्याय दिधं. हिनी चुल्हाना धूर खादा. हिले काय भेटनं? खोकला. डाक्टर म्हने धूरमा बसाडू नका. आते हाई चुल्हाम्होरे बसाव नही. बठ्ठी गल्ली उठी ऊनी तरी नही."

माझी मान खाली गेली.

नानांनी भांडं घासलं, भोकात काडी घालून उन्हाकडे पाहिलं, डब्यातला दुसरा प्लग बसवला. अर्ध्याच्याही खाली उडीद घातले आणि स्टो पेटवला. दारातली माणसं रस्त्याच्या पार पलीकडे गेली. अक्का त्यांच्याही पुढे. मी ओट्याच्या पायरीवर थांबलो, पण पाय रस्त्याकडे ठेवून. तिथून मला नाना कुकरकडे हात नेऊन दोनदा मागे घेताना दिसले. रोज काकूंना बाहेर का बसवायचे, ते तेव्हा कळलं. वाफेला सगळ्यांत जास्त तेच भीत होते.

"तू बाहेरच बस," ते काकूंना म्हणाले.

काकू उठल्या, आत गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "आज मी बी आठेच बसस." त्यांनी घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं.

शिट्टी झाली. नानांनी आच कमी केली.

"व्हयनात का मिन्टं?"

"नही हो, आजून."

काकूंना घड्याळ कळत नव्हतं. नानांना ते ठाऊक होतं. तरी ते विचारत राहिले आणि काकू सांगत राहिल्या.

त्या दिवशी उडदाचा पार लगदा झाला. एक मिनिट इकडचं तिकडं खपवून न घेणाऱ्या नानांनी तो दोनदा मागून घेतला.