तारांना कापड

सरांनी आयुष्यात स्वतःच्या जबाबदारीवर फार थोडे निर्णय घेतले. गिटारचा ॲम्प्लिफायर झोपायच्या खोलीतून जेवणघरात हलवणे हा त्यांतला एक. झोपायच्या खोलीतला प्लग सैल होता, एवढेच कारण. (शॉक बसेल ही भीती सरांना प्लग घट्ट असतानाही वाटे.) तो काळा खोका त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवला, लालभडक इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली, जाड तार छेडली आणि जागच्या जागी थिजले.

सुरामागून एक रुपेरी झिणझिण आली होती. सूर निरोप घेऊन निघाला खरा, पण चपला घालता घालता दाराशी आणखी थोडा बोलत राहिला, असे काहीतरी.

सर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट मिळवलेला माणूस आनंदावर एकदम विश्वास ठेवत नाही. त्यांनी तीच तार पुन्हा पुन्हा छेडली. झिणझिण हजर! मग अनुमान निघाले: बोटे पिकली. निवृत्तीनंतर धरलेल्या वाद्याने अखेर आपल्याला पदरात घेतले. त्या आठवड्यात सर सकाळी उठून आधी गिटार चाचपत आणि मग चष्मा. आपल्या हातून काही सुंदर निघू शकते, ही बातमी त्यांना सत्तरीनंतर प्रथमच कळत होती.

त्या भरात त्यांनी रविवारी मेहुण्याला ऐकायला बोलावले. गिटार घरी आली तेव्हा हाच मेहुणा म्हणाला होता, "भावोजी, खेळणं झकास आहे. नातवंडं खूश होतील." ते वाक्य सरांच्या घशात अजून काट्यासारखे अडकलेले होते.

आणि शनिवारी सकाळी झिणझिण गेली.

तार छेडली की ठण्ण. बस. सरांनी सवयीप्रमाणे पहिला संशय स्वतःवर घेतला: कान गेले. मग बोटे गेली. पण घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती, बोटेही जागच्या जागी होती. म्हणजे गुन्हेगार बाहेरचा! घरात दुसरे माणूस एकच, आणि ते स्वयंपाकघरात नळ सोडून उभे होते.

"अगं, माझ्या तारांना काही केलंस का?"

"ताटांना?" आतून बायको ओरडली. "हो, कापड लावलं!"

नळाच्या आवाजात सरांना ऐकू आले ते 'तारांना'.

"कापड?"

"तुमचा जुना बनियन. फाडून मध्ये मध्ये घातला. किती खडखडाट तो!"

"खडखडाट? तुला तो खडखडाट वाटतो?"

"मग काय? तुम्ही वाजवायला बसलात की झालंच सुरू. डोकं उठतं माझं."

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"यात काय विचारायचं? रोज घासते मी, पुसते मी. तुम्ही कधी हात तरी लावलाय का?"

सर खुर्चीत कोसळले. घासते! रोज! आणि वर मलाच विचारते, हात लावलाय का! त्यांनी तारा निरखल्या. बनियनचा धागासुद्धा नव्हता. म्हणजे कृत्य करून पुरावाही नष्ट केलेला.

दिवसभर त्यांनी बायकोशी बोलणे टाकले. (तिच्या हे संध्याकाळी लक्षात आले.) निषेध म्हणून चहा तसाच ठेवला आणि ती बाहेर गेल्यावर गार झालेला पिऊन टाकला. नव्या तारा चढवल्या, तरी ठण्णच. जखम लाकडापर्यंत गेली होती. माणसाला म्हातारपणी एक सूर सापडतो, आणि घरच्याच माणसाने तो बनियनने पुसून टाकावा!

रविवारी मेहुणा आला. पाय पसरून बसला. सरांनी वाजवायला घेतले. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

"बरं आहे हं," मेहुणा म्हणाला. सुई टोचण्याआधी डॉक्टर ज्या आवाजात धीर देतात, त्या आवाजात.

बायको आत जेवणाची तयारी करत होती. तिने मांडणीतली ताटे उतरवली, मधल्या चिंध्या धुवायला टाकल्या, तिघांपुरती ताटे ठेवून बाकीची परत लावली. इकडे सरांनी तार छेडली आणि झिणझिण आली! पूर्वीपेक्षा भरघोस!

"आला! ऐक, ऐक!" सर ओरडले आणि डोळे मिटून वाजवत सुटले. मेहुणा खरोखरच ताठ बसला. मग उठला. झिणझिण एकाएकी थांबली, परत आली, परत थांबली.

सरांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारातून मेहुणा दिसत होता. ॲम्प्लिफायर टेकवलेल्या त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या मांडणीतल्या ताटांवर त्याने पंजा दाबून धरला होता.

"वाजवा, वाजवा भावोजी," तो म्हणाला आणि पंजा उचलला.

"म्हणून तर ताटांना कापड लावलं होतं," बायको म्हणाली. "काल सांगितलं नाही का मी?"

"ताटांना," सर हळूच म्हणाले. दोन दिवस तापवलेला संताप आता कुठे उतरवून ठेवावा हे त्यांना कळेना.

मेहुणा मात्र गंभीर होता. "भावोजी, थट्टा नाही. असा सूर मी आजवर ऐकला नव्हता. पुढच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला कार्यक्रम ठेवायचाच."

सरांचा ऊर भरून आला. "खरंच म्हणतोस?"

"अगदी खरं. ताई, तू ताटं घेऊन ये. सगळी आण, एकही विसरू नकोस." मग त्याने सरांच्या गळ्यातल्या गिटारकडे काळजीने पाहिले. "आणि भावोजी, हे ओझं या वयात कशाला वाहताय? नाही आणलंत तरी चालेल."