उतारावरचा ग्राहक

"मॅडम, मी डोंगराच्या माथ्यावर उभा आहे. पायात तुमच्याच स्की आहेत. थांबायचं कसं, तेवढं पटकन सांगा."

सदफने हेडफोन कानावर दाबून धरला. फेब्रुवारीची दुपार होती. नंदुरबारच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिची आई हलीमा दाराशी बसून लाल मिरचीची देठं खुडत होती आणि घरभर तिखट खकाणा उठला होता. खेळाचं सामान विकणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीसाठी सदफ घरूनच मराठी ग्राहकांचे फोन घ्यायची. बॅटची मूठ सैल आहे, कॅरमची राणी आलीच नाही, असल्या तक्रारी तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. थांबायचं कसं, असं मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"सर, आपलं नाव?"

"दिग्विजय. औलीहून बोलतोय. आवाज मोठा करता येत नाही, मेहुणा शेजारीच आहे."

सदफने त्याची ऑर्डर उघडली आणि कपाळावर हात मारला.

कंपनीकडे पुरुषांच्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, चार तऱ्हेच्या होत्या. हनुवटीपर्यंत येणाऱ्या, मऊ, सहज वळणाऱ्या नवशिक्यांसाठी. रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फावरून तरंगत जाण्यासाठी. दोन्ही टोकं वर वळलेल्या, हवेत उड्या मारणाऱ्या आणि उलटं घसरणाऱ्या हौशी पोरांसाठी. आणि कपाळाला लागतील एवढ्या लांब, अरुंद, कडक स्की तरबेज माणसांसाठी. त्या टणक बर्फावर सुसाट सुटत आणि सावकाश चालायला साफ नकार देत. दिग्विजयच्या नावापुढे याच शेवटच्या होत्या. सुचवल्या होत्या खुद्द सदफने.

तो फोन तिला आठवला. "सर, तुमची लेव्हल काय?" असं तिने विचारलं होतं. पलीकडे सासरची मंडळी बसलेली असावी, कारण दिग्विजय छाती काढून म्हणाला होता, "लेव्हल आपली एकदम वरची!" आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण नेमकी तेव्हाच मिरची नाकात गेली, शिंकांवर शिंका आल्या आणि तिने ‘तरबेज’वर बोट दाबलं.

"सर, याआधी तुम्ही कधी..."

"नाही."

"एकदाही?"

"बर्फ पाहिला तोच परवा. तेही बसमधून."

नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड होत होता. सदफने घाम पुसला. "सर, टाचेमागे एक खटका आहे. काठीने तो खाली दाबा. बूट सुटतील. मग चालत खाली या."

"चालत? खाली बायको मोबाइल धरून उभी आहे. तिच्याशेजारी सासू. हा दगा, माझा मेहुणा, बर्फातच नोकरीला आहे. गेले दोन दिवस सगळ्यांना सांगतोय, आमचे दाजी वाऱ्यासारखे येतील म्हणून."

"सर, इज्जतीपेक्षा हाडं..."

"दाबतो, दाबतो. काठी जागेवर लागत नाही."

एवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. "दाजी, कोनसंगे बोली ऱ्हायनात? चला ना आते!" आणि पाठीवर प्रेमाची थाप पडल्याचा आवाज सदफला स्वच्छ ऐकू आला.

"ए दगा! नको रे... ओ माय व!"

फोनमध्ये वारा शिरला. नुसता सूंऽऽऽ असा आवाज. त्यामागून दिग्विजयची हाक आली, आणि आता तिच्यातली सगळी पुस्तकी मराठी गळून पडली होती. "ताई! मी चालनू! माले थांबाडा!"

सदफ खुर्चीतून ताडकन उठली. ही तर नंदुरबारकडची बोली, हा आपल्याकडचाच माणूस! "भाऊ, तुम्हनं गाव कोनतं?"

"म्हसावद! पन आते गाव कसाले इचारतस?"

"मी नंदुरबारनी शे! ऐका! पुढला टोके जवय आना, टाचा बाहेर ढकला!"

"नही व्हई ऱ्हायनं! ह्या पट्ट्या वळतसच नही!"

पडद्यावर, फोन ऐकत बसलेल्या पुण्याच्या वरिष्ठांचा संदेश उमटला : ‘ग्राहकाशी प्रमाण मराठीत बोला.’ सदफने तो वाचला आणि पडद्यावरून काढून टाकला. हलीमा लालभडक हातांनी उंबऱ्यात येऊन उभी होती. "या अल्ला, कौन गिर रहा है?"

"अजून पडलाच नाही अम्मी, तोच तर घोटाळा आहे!"

"ताई, समोर झाडे शेतस!" दिग्विजयचा आवाज चिरकला. "देवदारना मोठ्ठा झाडे!"

सदफने डोळे मिटले. ग्राहकाला काय काय बोलू नये, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यातलंच एक ती जिवाच्या आकांताने ओरडली, "पडी जाय, भाऊ! एक बाजूले पडी जाय! आत्ताच पड!"

धप्प.

मग काहीच नाही. वाराही नाही. हलीमाने डोळ्याला हात लावला, मिरची झोंबली, आणि ती रडतेय की डोळे चुरचुरतायत, हे तिचं तिलाही कळेना. सदफ हळूच म्हणाली, "सर? भाऊ? ओ भाऊ?"

बऱ्याच वेळाने कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला.

"पडनू, ताई," दिग्विजय म्हणाला. "तोंडमा बर्फ गया. पट्ट्या सुटी गयात. पन जित्ता शे."

सदफ परत खुर्चीत बसली. फोनमधून धावत्या पावलांचा आवाज आला, मग त्याची बायको योगिता रडत रडत म्हणाली, "लागनं का हो?" आणि लगेच रडणं विसरून, "काय मस्त पडनात! समदं मोबाइलमा उनं!" तिच्यामागून दगाचं हसू ऐकू आलं. ते थांबायचं नावच घेत नव्हतं.

आता तक्रार येणार, सदफने मनाची तयारी केली. नोकरी गेलीच होती. निदान शेवट तरी रीतसर करावा म्हणून तिने घसा साफ केला. "सर, झालेल्या त्रासाबद्दल कंपनीच्या वतीने मी दिलगीर आहे. आपली तक्रार..."

"तक्रार ऱ्हाऊ द्या, ताई." दिग्विजय एकदम दबक्या आवाजात बोलला. "एक ऑर्डर ल्या. स्कीच. मन्हा सालाले भेट देवानी शे."

"पण सर, त्यांना तर स्की येतात ना?"

"तो साधा उतारवर शिकेल शे. मी आते येले दुसरा डोंगरवर ली जासू." दिग्विजयने आवाज आणखी खाली आणला. "ह्या मन्ह्या पट्ट्या शेतस ना, यासपेक्षा लांब शेतस का?"

सदफने पडद्यावर यादी खाली सरकवली. मग हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढून ती हलक्या आवाजात म्हणाली, "शेतस ना, भाऊ."