पंक्तीतले वीस उंदीर

"या वेळी चूक होणं शक्यच नाही!" प्रांजलने तिच्या मार्गदर्शक क्षमामॅडमना छातीठोकपणे सांगून टाकलं. घोळाला आमंत्रण द्यायला एवढं पुरतं.

विक्रोळीच्या प्रयोगशाळेत तिच्या पीएच.डी.चा शेवटचा प्रयोग चालला होता. शरीराचीच रक्षक फौज चुकून स्वतःच्या डोळ्यांवर तुटून पडते आणि डोळे लालभडक होतात, असा आजार वीस उंदरांना मुद्दाम जडवलेला. दहा जणांना नव्या औषधाचे थेंब, दहा जणांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत फरक दिसला की प्रांजल डॉक्टर! थेंब घालायचं काम उंदरांची देखभाल करणाऱ्या नलिनीताईंकडे. त्यांचा गोंधळ नको म्हणून तिने बाटल्यांवर ठळक मराठीत लिहिलं: 'औषध' आणि 'नुसतं पाणी'.

पंधरा दिवसांनी मॅडमनी डोळे तपासले. एकूण एक उंदीर ठणठणीत!

"प्रांजल, पाण्यानेसुद्धा बरे झाले?"

"पाणी चांगलं असेल, मॅडम!" ती बोलून बसली आणि जीभ चावली.

धावत जाऊन तिने कपाट उघडलं. औषधाची बाटली कोरडी ठाक, पाण्याची गळ्यापर्यंत भरलेली.

"नलिनीताई! पाणी कुणालाच घातलं नाहीत?"

"कसं घालू गो?" नलिनीताई उलट तिच्यावरच उखडल्या. "एका पंक्तीत अर्ध्यांना पक्वान्न नि अर्ध्यांना पाणी? आमच्या मालवणात असं वाढणाऱ्याच्या घरी परत कुणी जेवायला जात नाही! तू दहांना दोन-दोन थेंब सांगितलेस, मी विसांना एकेक घातला. झाले की नाही बरे?"

"अहो, वाट लागली माझी! अर्धे आजारी राहायला हवे होते!"

"शिव शिव! शिकल्यासवरल्या मुलीने असं बोलावं?"

प्रांजलला रडूच कोसळलं. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, तीही पाण्याचा थेंब न वापरता!

शेवटी मॅडमनीच तोड काढली. "प्रयोग पुन्हा करायचा. बाटल्यांवर फक्त एक आणि दोन. औषध कशात आहे ते मला एकटीलाच माहीत. ना प्रांजलला, ना तुम्हाला. कळलं, ताई?"

"झकास!" नलिनीताईंचा चेहरा खुलला.

प्रांजलच्या जिवात जीव आला. नवे उंदीर आले, नव्या बाटल्या आल्या. आठवड्याभराने तिने सहज विचारलं, "ताई, आता काही अडचण नाही ना?"

"कसली गो अडचण! औषध कशात आहे ते कळत नाही ना, म्हणून दोन्हींतला एकेक थेंब सगळ्यांना घालते. चुकून कुणी राहायला नको!"