डोहाळजेवणाला निघालेली चामड्याची नळी

माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ‘अमुक वस्तू मिळणार नाही’ असे तोंडावर सांगण्याचे धाडस दोघांनीच केले. पहिले माझे दिवंगत यजमान. त्यांनी ते पुन्हा केले नाही. दुसरा आमचा ड्रायव्हर हंबीरराव.

“आईसाहेब, इंजिनाला पानी न्हेनारी रबरी नळी फुटलीया. नवी न्हाई मिळायची. समदं रबर लढाईवर गेलंय.”

साल त्रेचाळीस. गाडी यजमानांनी अठ्ठावीस साली घेतलेली. आणि तिसऱ्या दिवशी सांगलीला माझ्या नातीचे, शकुंतलेचे, डोहाळजेवण! तिच्या सासूबाई विनोदिनीबाईंनी अगदी साखरेत घोळून लिहिले होते, ‘आपली गाडी थकली असल्यास स्टेशनावर छकडा पाठवू.’ मी उलट टपाली कळवले, ‘आमचे बैल विहिरीवर असतात, रस्त्यावर नव्हे! चारच्या ठोक्याला गाडी आपल्या दारात उभी राहील.’

असा शब्द दिल्यावर रबरासाठी अडून बसणारी मी नव्हे! विहिरीवरच्या मोटेची चामडी सोंड वर्षानुवर्षे पाणी वाहते, मग तसल्याच चामड्याची नळी गाडीत का चालू नये? मोटा शिवणाऱ्या गुंडाला साताऱ्यातल्या वाड्यावर बोलावून घेतले.

“आईसाहेब, हे चामडं गार पान्याचं. कढत पान्यात ते...”

“गुंडा, मी तुला मत विचारले की माप?”

“माप,” म्हणून त्याने आरी उचलली.

नळी बसली, करंजेल चोळून झाले आणि आम्ही निघालो. कऱ्हाडपर्यंत गाडी अशी धावली की मी मनातल्या मनात विलायतेच्या कारखानदारांना दोन उपदेशाची पत्रे लिहून टाकली! पलूस आले आणि वास सुटला.

“हंबीरराव, कुणाच्या तरी चुलीवर काही शिजते आहे.”

“चुलीवर न्हाई, आईसाहेब. आपल्याच बॉनेटखाली.”

तेवढ्यात पलूसची कुत्री मागे लागली. पुढच्या गावाची त्यांना मिळाली. बुधगाव ओलांडेपर्यंत एवढा लवाजमा जमला की तेवढा माझ्या लग्नातही नव्हता! तिथे नळी आक्रसून वाळक्या भेंडीएवढी झाली, वाफेचा फवारा उडाला आणि गाडीने मान टाकली. दोन वाजले होते. सांगली दीड कोस.

रस्त्याकडेला कोंडीबा नावाचा शेतकरी मोट हाणत होता. मी त्याला बैल गाडीला जुंपण्याचा हुकूम केला.

“आवं आईसाहेब, बैल लय गुनाचं हायत. पन ह्यांनी जल्मात रस्ता बगितला न्हाई.”

“त्यांना रस्ता बघायचा नाही, गाडी ओढायची आहे!”

बैलांनी पंचवीस पावले गाडी झोकात ओढली. मग थांबले. आणि अत्यंत शिस्तीने, एकेक पाऊल मागे सरकत, दोघांनी आपली पाठ गाडीच्या नाकाला आणून टेकवली!

“ह्ये काय?”

“मोट वर आली, धाव सपली की मागं याचं, आईसाहेब. धा वर्सं त्येवढंच करत्यात.”

“मग थांबवा त्यांना!”

“गानं म्हनत ऱ्हायलं तर फुडं जात्यात. गानं थांबलं की मागं.”

कोंडीबा अर्धा कोस गायला आणि त्याचा घसा बसला. हंबीररावाने तोंड उघडताच बैल बिथरले. उरले कोण? सातारच्या चार घरांत जिच्या नुसत्या खाकरण्याने सुना पदर सावरतात, त्या मी खिडकीबाहेर डोके काढून भर रस्त्यात जात्यावरच्या ओव्या म्हटल्या! बैल डुलत पुढे गेले. मी श्वास घ्यायला थांबले की मागे.

सहा वाजता सांगलीच्या दारात पोहोचलो: पुढे बैल, मागे कुत्री, मध्ये मी. आजी आल्याखेरीज ओटी भरून घेणार नाही, असा हट्ट धरून शकुंतला फुलांच्या वाडीसकट ताटकळत बसली होती. मला बघून ती हसावे की रडावे या विचारात पडली आणि मग दोन्ही केले.

विनोदिनीबाईंनी शांतपणे माझ्या पायावर पाणी घातले. “आपले बैल विहिरीवर असतात, असे लिहिले होतेत ना?”

“आमचे विहिरीवरच आहेत,” मी बसक्या आवाजात, पण मान ताठ ठेवून म्हणाले. “हे कोंडीबाचे आहेत!”

परतीला स्टेशनापर्यंत विनोदिनीबाईंचाच छकडा होता. फार सुखाचा. आणि गाणे म्हणावे लागले नाही.