स्टोअरकीपरची औषधपेटी

गेल्या सहलीत मुलीचा गुडघा फुटला, तेव्हा स्टोअरकीपरसाहेब चारही खिसे चाचपून बसची जुनी तिकिटं बाहेर काढत राहिले आणि त्यांच्या साडूने एकाच खिशातून कापूस, मलम आणि पट्टी काढून दोन मिनिटांत काम उरकलं. त्या दोन मिनिटांचं कौतुक घरात वर्षभर पुरलं. बायकोचं बोट विळीवर कापलं, तरी ती म्हणायची, आत्ता भावोजी असते तर.

म्हणून यंदा तळ्याकाठी तंबूत राहायचं ठरलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की औषधपेटी मी भरणार. बायको सहज म्हणाली, भावोजी आणतातच की. झालं. काही झालं तरी यंदा साडूला हाक मारायची वेळ येऊ द्यायची नाही, असा त्यांनी चंगच बांधला.

गोदामात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि त्या काळात साधा बोल्टसुद्धा नंबराशिवाय फळीवर चढला नव्हता. आधी बुटांचं खोकं घेतलं. ते अपुरं पडलं म्हणून हत्यारांचा डबा रिकामा केला. तोही भरला, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. औषधांची छापील खोकी फार जागा खातात, असं लक्षात आल्यावर त्यांनी ती फेकून दिली, ट्यूबांवर पांढरा कागद गुंडाळला, बाकी सगळं एकसारख्या बाटल्यांत भरलं आणि एकेकावर नंबर टाकला. सहलीला निघालेल्या सासूबाईंनी विचारलं, सरळ नावं का नाही लिहिली? त्यांनी समजूत घातली की नाव असलं की माणूस वाचत बसतो, नंबर असला की हात थेट पोचतो. (सासूबाईंना हे पटलं नाही. पण जावयाला तोंडावर बोलायचं नाही, हा नियम त्या दुपारपर्यंत पाळत असत.)

तळ्याकाठी पोचल्यावर पहिला अपघात व्हायला औषधपेटीच कारणीभूत झाली. गाडीच्या टपावरून उतरवताना ट्रंक निसटली ती थेट साहेबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. नख उचकटलं, रक्त आलं.

"भावोजींना हाक मारते," बायको म्हणाली. भावोजी तीन पावलांवर, शेजारच्याच तंबूत होते.

"मुळीच नाही. पेटी उघड."

पेटी उघडली. आत सत्त्याऐंशी नंबर ओळीने उभे होते.

"अहो, यातलं मलम कुठलं?"

"यादीत बघ ना."

"यादी कुठाय?"

साहेबांचा चेहरा पडला. गोदामात यादी नेहमी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली असते. त्याच सवयीने त्यांनी ती घरच्या कपाटाच्या दारावर, चारही कोपरे नीट दाबून, चिकटवली होती.

शेवटी घराशेजारच्या निवृत्त मास्तरांना फोन लावला. त्यांच्याकडे घराची किल्ली होती. पण मास्तरांना मधूनच वाचणं मान्य नव्हतं. त्यांनी अ-एकपासून सुरुवात केली. मलम मिळेपर्यंत साहेबांचा मोजा लाल झाला होता. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीपुढे मात्र मास्तरांनी वाचलं, शिल्लक शून्य.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मुलीने एका बाटलीवरचं लेबल नखाने उचकटलं आणि म्हणाली, "बाबा, तू सगळी चिकटपट्टी लेबलांना वापरलीस."

ते खरं होतं. लेबलं शनिवारी संध्याकाळी संपली होती आणि चिकटपट्टीवर पेन सुरेख चालत होतं.

आता शेजारच्या तंबूकडे नुसती मान वळवायचा अवकाश होता. बायकोने ती वळवली नाही. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला हसूही आलं आणि कीवही आली. ती खाली बसली आणि एकेका बाटलीचं लेबल सोलून त्याच्या अंगठ्यावर चिकटवू लागली. साहेबांना भरून आलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिने भावोजींचं नाव गिळलं होतं.

पट्टी झकास बसली. गडबड ऐकून साडू बाहेर आले, त्यांनी अंगठा निरखून पाहिला आणि काम चांगलं झालंय, असं मोकळेपणाने सांगितलं. साहेबांची छाती फुगली.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि सगळ्यात वरचं लेबल वाचलं. "हे क-चौदा म्हणजे काय?"

फोन चालूच होता. "क-चौदा," मास्तरांनी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "मुदत संपलेला माल. उपयोग काही नाही. वरिष्ठांची सही होताच फेकून देणे."

सासूबाईंनी शांतपणे नातीकडे पेन मागितलं.