मुलाणी मॅडमची वाटणी

आमच्या गल्लीत पाहुणा आला की लोक त्याला चहा विचारतात. मुलाणी मॅडम त्याच्या हातात दोरी देतात.

मॅडम कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांचं शिकवणं नाही झालं. एका जीवाणूचे दोन होताना गुणसूत्राची वाटणी कशी होते, हे कळल्याशिवाय माणसानं मरू नये, असं त्यांचं ठाम मत. "एवढासा जीव, पण वाटणीत भांडण न्हाय की हो!"

माझ्या धाकट्या बहिणीला, मंजूला बघायला मलकापूरची मंडळी आली, तेव्हा आईनं मुद्दाम पुढचं दार लावून घेतलं. मॅडम मागच्या दारानं आल्या.

पोहे संपायच्या आत नवरामुलगा उभा! त्याच्या हातात दोरीचं एक कडं, मंजूच्या हातात दुसरं, आणि दोन्ही एकमेकांत अडकलेली.

"जीवाणूचं गुणसूत्र असं गोल असतंय. त्याची नक्कल झाली. आता दोघांनी दोन टोकांना जायचं. ओढा!"

मुलाचे मामा चादर धरून बाजूला उभे. ते पेशीची भिंत. उत्साहात ते मध्येच घुसले.

"ओ पावणं! भिंत आधी आली तर गुणसूत्र मधोमध कापलं जाईल! मागं व्हा!"

मामा मागं झाले ते थेट पोह्यांच्या ताटलीत बसले.

ओढून ओढून दोघं घामाघूम, पण कडी सुटेनात. शेवटी मुलगा लाजत म्हणाला, "मॅडम, एक कडं कापून, दुसरं त्यातनं काढून, परत गाठ मारली तर?"

"बाबौ!" मॅडमनी टाळीच वाजवली. "जीवाणूबी हेच करतोय की! वहिनी, पोरगी देऊन टाका!"

"शुभकार्यात कात्री?" आई ओरडली. तोवर मंजू आतून कात्री घेऊन आलीसुद्धा. त्यानं कापलं, तिनं गाठ मारली. लग्न तिथंच ठरलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आई मंजूच्या कॉटवर रडत बसली होती. मॅडम आल्या आणि दोरी न काढताच तिच्या शेजारी बसल्या. त्यांच्या दोन लेकी. एक दुबईत, एक कॅनडात.

आईच म्हणाली, "आज काय शिकवत न्हाईसा?"

"जीवाणूची आई मागं उरतच न्हाय, वहिनी. सगळीच्या सगळी दोन लेकींत वाटली जाती." मॅडमनी कॉटवरची चादर सारखी केली. "बरं हाय तिचं."

आईनं डोळे पुसले आणि भाकरीचं पीठ काढलं. "जेवूनच जावा."

मॅडम नको म्हणाल्या नाहीत.