धक्क्यावरून सासूबाई गायब

"माणूस खोटं बोलतो, पण माणसाची चप्पल कधी खोटं बोलत नाही," असं थोरले साडू म्हणत. त्यांची हयात वीजमीटरचे आकडे टिपण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मात्र आपण जन्मजात गुप्तहेर आहोत, असा त्यांना शोध लागला. "नुसत्या पंख्याच्या आवाजावरून मी वीजचोर ओळखायचो. माझ्या नजरेतून निसटलेली गोष्ट एकच, माझी बढती," हे ते स्वतःच सांगत. ती बढती कोणी पळवली, याचा तपास अजून चालू होता.

अशा माणसाबरोबर शेजारशेजारचे चार देश आणि मधली बेटं बघायला निघणं हा धाकट्या साडूचा शुद्ध भोळेपणा. पण दोघांच्या बायका, थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी. थोरल्यांना वगळायचं म्हणजे घरात महायुद्ध. शिवाय सासूबाईंना समुद्र बघायचा होता.

विमानात थोरल्यांनी हवाईसुंदरीवर संशय घेतला, पहिल्या देशात हॉटेलच्या उशीवर. दुसऱ्या देशात तर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याचीच त्यांनी उलटतपासणी घेतली, आणि अख्खं कुटुंब बाकावर ताटकळलं. धाकट्याकडे मदतनिसाचं खातं होतं: भिंग धरायचं, छत्री धरायची आणि लोकांची माफी मागायची. बाकीची टूर आपल्या नादात. मंडळी बेटावर उतरत, समुद्राकडे पाठ करून फोटो काढत, आणि समुद्र कसा होता ते मागाहून फोनमध्ये बघत.

तिसऱ्या देशातल्या एका चिमुकल्या बेटावर, भर दुपारी, बोटीच्या धक्क्यावरून सासूबाई नाहीशा झाल्या. मघापर्यंत बाकावर होत्या. आता बाकावर नुसतं ऊन बसलेलं.

"बोट सुटायची वेळ झालीय," टूरवाला घाम पुसत म्हणाला. "आमची आजची शेवटची फेरी आहे. काकू आल्या नाहीत तर पंचाईत."

धाकटीचे डोळे भरून आले. सासूबाईंना इथली भाषा येत नव्हती आणि त्यांचा फोनही त्यांच्याजवळ नव्हता. तो थोरल्यांनी 'सुरक्षेसाठी' स्वतःच्या पिशवीत ठेवला होता.

"कोणी कशाला हात लावू नका!" थोरले ओरडले. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही.

ते वाळूत ओणवे झाले. "हे बघ. डावा ठसा फिका, उजवा खोल. कोणीतरी डाव्या बाजूने उचलून नेलंय त्यांना."

"साडूभाऊ, त्यांचा डावा गुडघा दुखतो."

"अस्सं! म्हणजे दुखरी बाजू ठाऊक असलेला माणूस. घरचाच कोणीतरी." त्यांनी धाकट्याकडे असं रोखून पाहिलं, की त्याने नकळत आपलेच हात तपासले.

ठशांचा माग काढत दोघे लांबलचक वळसा घालून पुन्हा बाकाशी आले. ठसे थोरल्यांच्याच चपलांचे होते.

"शत्रू हुशार आहे," थोरले म्हणाले.

मग त्यांची नजर नारळवाल्यावर गेली. "हातात कोयता, तोंडावर हसू. सराईत!" त्यांनी त्याला मराठीतच दरडावलं, "बाई कुठाय?" आणि हाताने बाईची उंची दाखवली. नारळवाल्याने तेवढ्या उंचीवरचा नारळ उतरवून फोडला. "तुझे साथीदार किती?" असं विचारत थोरल्यांनी बोटं नाचवली. तेवढे नारळ आणखी फुटले. धाकटा मुकाट्याने पीत राहिला. पुरावा नष्ट करणंही मदतनिसाच्याच नशिबी आलं.

"आता एकच शक्यता उरते, स्मृतिभ्रंश!" थोरल्यांनी जाहीर केलं.

"सासूबाईंना? मुलगी बघायला आलो तेव्हा मी काय चुकीचं बोललो, ते त्यांना शब्दन्‌शब्द पाठ आहे."

बोटीने भोंगा दिला. धाकट्याने भिंग थोरल्यांच्या हातात कोंबलं. "तपास पुरे झाला. तुम्ही सगळे जा पुढे. त्या सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"असे निर्णय मदतनीस घेत नसतो!"

"मग मी जावई म्हणून घेतो."

इतका वेळ थोरली सामान सांभाळत बसली होती. ती उठली, धक्क्याच्या टोकाशी गेली, तोंडाशी हात धरले आणि खच्चून ओरडली, "आऽऽई!"

शेजारच्या बोटीच्या वरच्या मजल्यावरून उत्तर आलं, "काऽऽय गं? बेंबीच्या देठापासून ओरडायला काय झालं?"

धाकटी रडत वर पळाली, मागोमाग धाकटा आणि थोरली. सासूबाई अनोळखी परदेशी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात, चपला काढून, कठड्यावर पाय टाकून बसल्या होत्या.

"आई, अहो, इथे कशा तुम्ही?" धाकट्याने धापा टाकत विचारलं.

"तुमच्या साडूंनी बाकाच्या खिळ्याचा संशय घेऊन मला उठवलं ना, तेव्हाच आले." त्या सरकून बसल्या. "ह्या म्हाताऱ्यांचं बोलणं मला कळत नाही, माझं ह्यांना कळत नाही. सहल निघाल्यापासून आज पहिल्यांदा समुद्र ऐकू आला हो, जावईबापू."

टूरवाल्याने खालून चौकशी केली. ही बोटही टूरच्याच पुढच्या बेटाला जाणार होती, जरा रमतगमत, जागाही होती. धाकटी आईला बिलगून बसली. थोरलीने चपला काढल्या. धाकट्याने एकदा खाली थोरल्यांकडे पाहिलं आणि तोही टेकला.

तिकडे थोरले आपल्या बोटीवर चढून लोकांना सांगत होते, "पहिल्यापासून माझा रोख जलमार्गावरच होता!" बोट धक्क्यापासून बरीच दूर गेल्यावर ते मागे वळले. बायको नाही, मेहुणी नाही, साडू नाही.

"सामुदायिक अपहरण!" पाण्यावरून त्यांची हर्षभरित आरोळी आली. "कोणी घाबरू नका! मी शोधतो!"

धाकटी जरा चुळबुळली. "ताई, आता भावोजी आपल्याला शोधत बसणार गं."

"बसू दे की," थोरलीने पाय लांब केले. "ते शोधतायत तोवर आपण सापडत नाही."